पाच वर्षांच्या लेकीला गरवायला (गळाने मासे पकडायला) न्यायचंय, सुरुवात कशी करू?

लेकीची_आई
नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात राहतो, माझं माहेर गुहागर तालुक्यात दाभोळ खाडीच्या काठचं. दिवाळीत पंधरा दिवस जाणार आहोत आणि बाबांनी फोनवर नातीला कबूल करून टाकलंय की तुला गरवायला नेतो. बाबा 74 चे आहेत, पोरपणापासून गरवतायत पण ते काठी वापरतच नाहीत, बाटलीला तंगूस (नायलॉनचा दोरा) गुंडाळलेला असतो आणि तो हाताने फेकतात. लेक पाच वर्षांची, हट्टी आहे पण सांगितलं की ऐकते. मी हौसेने ऑनलाइन एक लहान मुलांचा सेट मागवला, गुलाबी रॉड, रील वगैरे, गच्चीवर प्रॅक्टिस करायला घेतली तर दहा मिनिटांत तंगूसाचा असा गुंता झाला की शेवटी कात्रीने कापावा लागला, आणि त्यातला तीन तोंडांचा गळ तिच्या फ्रॉकमध्ये अडकला. फ्रॉकमध्ये अडकला म्हणून ठीक. तेव्हापासून मला भीती वाटतेय आणि तिचा उत्साह मोडायचा पण नाहीये. बाबांना आता किती वर्षं जमेल सांगता येत नाही, म्हणून हे यंदाच व्हायला हवं असं फार मनात आहे. काठी कुठली, गळ कुठला, किती वेळ बसवायचं, जे माहीत असेल ते सांगा. आणि एक, तिने मला विचारलंय "माशाला दुखतं का?" याला काय उत्तर देऊ?

खाडीकाठ
ताई, ती गुलाबी रॉड सरळ माळ्यावर टाका. पाच वर्षांच्या पोराच्या हातात रील म्हणजे त्याचं सगळं लक्ष त्या हँडलकडे, पाण्याकडे नाही. गावी गेल्यावर बाबांना सांगा चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची, एक बारकी सरळ काठी तोडायला, पाच साडेपाच फूट, शेंड्याला करंगळीपेक्षा बारीक. दोन-चार दिवस पडवीत सुकू दे, ओली काठी जड होते. काठीवरचे डोळे चाकूने घासून गुळगुळीत करा नाहीतर हाताला सल लागते. शेंड्याला तंगूस बांधा, 0.25 मिमीचा पुरे, आणि लांबी काठीएवढीच ठेवा, जास्त अजिबात नको. हे महत्त्वाचं आहे कारण तंगूस काठीएवढा असला की काठी उभी धरल्यावर गळ आपोआप तिच्या हाताशी येतो, पाठीमागून फिरवून फेकायची गरजच पडत नाही, नुसतं पुढे झुलवून पाण्यात सोडायचं. गळ बहुतेक वेळा लागतात ते मागे फेकताना, मागे उभ्या असलेल्या माणसाला.

गळ एकतोंडी, 10 किंवा 12 नंबर. नंबर वाढला की गळ बारीक होतो, दुकानात उलटं समजून मोठा आणू नका. गळाच्या टोकाशी जो उलटा काटा असतो तो पक्कडीने दाबून सपाट करून टाका. मासे थोडे जास्त सुटतील, पण कुणाच्या बोटात गेला तर सरळ मागे निघतो, माशाच्या तोंडातूनही तसाच अलगद निघतो. वजनाला शिसं नको, पोरं तोंडात घालतात, सायकलचा लहान नट बांधा. तरंगायला जुन्या रबरी चपलेचा सुपारीएवढा तुकडा, मधून भोक पाडून तंगूस ओवायचा आणि काडी खोचायची, म्हणजे वरखाली सरकवता येतो. गळापासून दीड-दोन वीत वर ठेवा. त्याला लाल नेलपॉलिश लावा, ते तिलाच लावू दे.

मजा सगळी त्या तुकड्यात आहे बघा. तो आधी नुसता थरथरतो, मग दोनदा टुकटुक बुडतो वर येतो, आणि मग एकदम तिरका होऊन पाण्याखाली जातो. मुलाला तेवढंच शिकवायचं, थरथरला तर गप्प, बुडाला की काठी वर. माझ्या पोराने पहिल्यांदा तो तिरका जाताना पाहिला तेव्हा काठी वर करायचं विसरून माझा दंड घट्ट धरला होता, त्याची नखं लागलेली मला अजून आठवतायत.

न्यू_जर्सीकर
वरच्यांचं बरोबर आहे पण रीलला सरसकट नाही म्हणू नका असं मला वाटतं. इकडे लहान मुलांना बटणवाली बंद तोंडाची रील देतात, बटण दाबून ठेवायचं, काठी पुढे नेताना सोडायचं, तंगूस झाकणाच्या आत असल्यामुळे गुंता फार कमी होतो. आमच्या राज्यात 16 वर्षांखालच्या मुलांना लायसन्स लागत नाही, तळ्यावर ब्लूगिल नावाचे छोटे मासे भरपूर, गांडुळाचा छोटा तुकडा लावला की लगेच येतात, त्यामुळे मुलगी सहा वर्षांची असतानाच चांगली शिकली. मात्र पहिले तीन महिने गळच लावला नव्हता, तंगूसाला कपड्याचा चिमटा बांधून दिला होता आणि अंगणात बादलीत टाकायचा खेळ. ताई, तुमच्या गच्चीवर हेच करा, चिमटा लावून, आतापासून दिवाळीपर्यंत. रॉडऐवजी झाडूची काठी पण चालेल.

दोन_लेकरांचा_बाबा
मी चिपळूणचा, म्हणून आधी हे लिहितो. वाशिष्ठी नदीत मगरी आहेत हे तुम्हाला माहेरची म्हणून ठाऊक असेलच, तुमच्याकडे खाली खाडीच्या तोंडाशी काय स्थिती आहे ते गावातल्या कोळी बांधवांना विचारूनच जागा ठरवा, आणि कुठेही असो, पोरीला पाण्यात पाय सोडून बसू देऊ नका. लाइफ जॅकेट घालाच, जेटीवर असलात तरी, पट्टा पायांमधून येणारं. फुगवायची खेळण्यातली वस्तू नको. पायात मागून पट्टा असलेली सँडल, कारण खडकावर कालवं (चिकटलेले शिंपले) असतात आणि त्यांच्या धारेने पाय चिरतो तो ब्लेडसारखा.

आणखी एक, खाडीत शेंगटी मासा लागणार, हमखास. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे असतात आणि ते भयंकर ठणकतात. शेंगटी आली की तंगूस कापून टाका, गळाचा मोह धरू नका, मुलीला हात लावू देऊ नका. चुकून टोचलंच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवायचा, त्याने ठणका उतरतो. पाणी आधी मोठ्यांनी स्वतःच्या हाताने बघायचं, ठणक्यात मुलांना चटका कळत नाही. मग डॉक्टर, काटा आत मोडलेला असू शकतो. आणि गळ कुणाला खोल रुतला तर घरी ओढाओढ करू नका. तंगूस कापा, गळ तसाच ठेवून दवाखाना गाठा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवून जा.

आणि ताई, तुम्ही स्वतः बरोबर असा. बाबांचा अनुभव मोठाच आहे पण 74 व्या वर्षी पोर निसटली तर धावता येत नाही.

खाडीकाठ
वेळेचं राहिलं होतं. बाबांना हे येत असणारच, तुम्ही त्यांच्याकडून शिकून घ्या. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची साधारण वेळ निघते. भाऊबीज म्हणजे द्वितीया, दोनाला पाऊणने गुणलं की दीड, म्हणजे दुपारी दीडच्या सुमाराला पूर्ण भरती. डोक्यावर ऊन, आणि अमावस्येच्या जवळचं उधाण असल्यामुळे पाण्याला ओढही जोरात, तंगूस सारखा वाहून जाणार. म्हणून भाऊबीजेच्या गडबडीत जाऊच नका. सप्तमीपर्यंत थांबा. सात गुणिले पाऊण म्हणजे सव्वापाच. तेव्हा भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटी कमी जोराची, शांत चढतं. चारला जेटीवर जाऊन बसा, पाणी वर येतंय, मासा काठाला येतोय, ऊन उतरलंय. साडेपाचला सूर्य कलला की उठायचं. एका वेळी चाळीस-पन्नास मिनिटं खूप झाली, कंटाळली तर वीस मिनिटांत उठा, खेकडे बघायला न्या. "अजून थोडं" हे तिने म्हटलं पाहिजे, आपण नाही.

आमिषाला कोलंबी सोलून वाटाण्याएवढा तुकडा. कोलंबीने हात वास मारतात म्हणून ती नाक मुरडत असेल तर कणकेत थोडी हळद घालून घट्ट गोळी करा, त्या गोळीला काळुंदर मासे येतात. पण लहान मुलासाठी कोलंबीच खरी.

तलावाकाठी_वाढलो
मी भंडाऱ्याचा. आमच्याकडे मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, गावोगावी, मी तिथे लाखोरीच्या शेताच्या बांधावर बसून मासे पकडत मोठा झालो. जे कुणी तलाव-धरणावर मुलांना नेणार असतील त्यांना एवढंच सांगतो की बहुतेक तलावांवर मच्छीमार संस्थेचा ठेका असतो, त्यात माशांचं बीज त्यांनी सोडलेलं असतं, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, आधी विचारा. मी आजवर विचारलं आणि लहान पोराला कुणी नाही म्हटलं असं झालेलं नाही, उलट एका ढिवर (मासेमार समाजातल्या) काकांनी माझ्या भाच्याला मरळ मासा कुठे बसतो ते दाखवलं.

खरं तर मला त्या "दुखतं का" बद्दल लिहायचं होतं. ताई, नाही म्हणू नका. मूल विचारतं तेव्हा त्याला अंदाज आलेला असतो, आपण खोटं बोललो तर ते आपल्यालाच धरून ठेवतं. माझ्या भाच्याला मी सांगितलं, हो, लागत असणार, म्हणून आपण पटकन काढायचा, हात ओला करून धरायचा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि नंतर त्याला रोग होतो. खायचा असेल तर लगेच मारायचा, तडफडत ठेवायचा नाही, खायचा नसेल तर लगेच पाण्यात. त्याने ऐकून घेतलं आणि तेव्हापासून हात ओला करायची आठवण तोच मला करतो. पावसाच्या सुरुवातीला चढणीचे मासे पोटात गाबोळी (अंडी) घेऊन वर येतात, तेव्हा मी त्याला नेत नाही, आणि का नेत नाही ते सांगतो.

तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणायची सवय पण पहिल्या दिवसापासून लावा. पायात तंगूस अडकलेला बगळा मी एकदा सोडवलाय, बोट झडलं होतं त्याचं.

लेकीची_आई
कालच परत आलो. सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एकेक गोष्ट तुम्ही म्हणालात तशी केली. सप्तमीला चारला गेलो. काठी बाबांनीच तोडली, नेलपॉलिश लेकीने लावलं आणि वर एक डोळा पण काढला. पहिला अर्धा तास काहीच नाही, कोलंबी दोनदा खाऊन गेले. मी उठायचं म्हटलं तर ती म्हणाली थांब, थरथरतंय. बाबा तिच्या मागे बसले होते, त्यांचे हात हल्ली कापतात, तरी त्यांनी तिच्या हातांवर हात ठेवले होते आणि तो लाल तुकडा तिरका गेला तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, तिनेच काठी वर केली. गोबरा माशाचं पिल्लू होतं, माझ्या बोटाएवढं. बाबांनी हात डब्यात बुडवून गळ काढला, तिने पण आपले दोन्ही हात बुडवले, ओंजळीत धरलं आणि सोडून दिलं. मग बाबांना म्हणाली, "आजोबा, आता तुमची पाळी." मी बाबांना इतकं हसताना बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

काठी तिथेच पडवीत वाश्याला बांधून आलोय, आता मेमध्ये. तोवर खाऱ्या पाण्याने गळ गंजणार नाही ना? धुवून ठेवलाय फक्त.

खाडीकाठ
वाचून फार बरं वाटलं ताई. नुसतं धुवून नाही भागणार, खारा वारा आहे. बाबांना फोन करून सांगा गळ पुसून खोबरेल लावून चपलेच्या तुकड्यात खोचून ठेवायला, टोकही झाकलं जातं. तंगूस मात्र मेमध्ये नवीन बांधा, उन्हावाऱ्याने ठिसूळ होतो. गाठ मारताना पाच-सहा वेढे देऊन आवळायच्या आधी थुंकी लावा, कोरडी गाठ आवळली तर तिथेच तुटतो.