ॲल्युमिनियम + मेटॅलिक ग्लास: १५ टक्के पावडर घालूनही ताकद जेमतेमच का वाढते?

भुकटी४०: शुद्ध ॲल्युमिनियमची पावडर (सरासरी ४० मायक्रॉन) आणि लोहाधारित मेटॅलिक ग्लासची (काचेसारखी अस्फटिक, अणूंची शिस्तबद्ध रचना नसलेला मिश्रधातू) ५ मायक्रॉनची पावडर, वजनाने १५ टक्के. आर्गॉनमध्ये बॉल मिल (फिरत्या भांड्यात गोळ्यांनी दळणं), गोळे ते पावडर १०:१. मग ग्राफाइट डायमध्ये स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग (विजेच्या प्रवाहाने तापवून, दाबून पावडर घट्ट करणं): ५५० अंश से., ५० मेगापास्कल, १० मिनिटे. डीएससीत (नमुना तापवताना उष्णतेची देवाणघेवाण मोजणारी चाचणी, २० अंश/मिनिट) ग्लासचं स्फटिकीकरण ६०० अंशांना सुरू होतं, म्हणून ५५० निवडलं. घनता चांगली येते, पण ताकद फारशी वाढत नाही आणि ताणल्यावर नमुना लवकर तुटतो. काय बदलावं?

साचेकार: आधी टक्केवारी बघा. ग्लासची घनता ७.६ ग्रॅम/घन सेंमी धरली तर वजनाने १५ टक्के म्हणजे घनफळाने ६ टक्क्यांहूनही किंचित कमी. बळकटी घनफळावर ठरते. घनफळाने १५ टक्के हवे असतील तर १०० ग्रॅम मिश्रणात ३३.२ ग्रॅम ग्लास आणि ६६.८ ग्रॅम ॲल्युमिनियम घ्या. तेव्हा सैद्धांतिक घनता ३.४३५ येते, आर्किमिडीजचं मोजमाप (पाण्यात बुडवून काढलेली घनता) तिच्याशी ताडून पाहा.

पण याच पावडरींनी प्रमाण वाढवू नका, तुटणं वाढेल. १५ टक्के घनफळाला ४० मायक्रॉनच्या प्रत्येक कणामागे ५ मायक्रॉनचे सुमारे ९० कण पडतात, आणि ते सगळे ॲल्युमिनियमच्या कणांच्या सीमेवरच बसतात. ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियम फारसं भिडत नाही, आणि तडा त्याच साखळीतून धावतो. ॲल्युमिनियम १०-१५ मायक्रॉनचं घ्या, नाहीतर ग्लास २०-२५चा.

काचतापी: माझ्या मते खरी गडबड तापमानात आहे. डीएससीतला ६००चा आकडा तापवण्याच्या वेगाशी बांधलेला असतो. स्थिर तापमानाला धरून ठेवलं तर तोच ग्लास त्याहून बराच खाली, काही वेळाने स्फटिक होतो. म्हणून दाबण्याच्या तापमानालाच डीएससीत स्थिर ठेवून पाहा; स्फटिक होतानाची उष्णता बाहेर पडायला जितकी मिनिटं लागतात, त्याच्या निम्म्याच्या आत काम उरका. शिवाय थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) डायच्या भिंतीत असेल तर आतला नमुना त्याहून ३०-५० अंश जास्त गरम असू शकतो. म्हणजे तुमचे ५५० प्रत्यक्षात ६००च्या आसपास असतील.

त्याच तापमानाला लोह आणि ॲल्युमिनियम यांच्यात Fe₂Al₅, Al₁₃Fe₄ असे ठिसूळ थर वाढतात. पातळ थर पकड देतो, जाड थर तडकतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात (SEM) ग्लासच्या कणाभोवती जाड कडा दिसली तर हेच झालंय.

तापमान ४५०वर आणा आणि कमी पडणारं काम दाबाकडून करून घ्या. ग्राफाइट डाय १०० मेगापास्कलच्या पुढे भरवशाची नाही. गरम कामाच्या टूल स्टीलच्या डायमध्ये हॉट प्रेस करून ४०० मेगापास्कलपर्यंत जाता येतं. त्यानंतर १०:१ गुणोत्तराचं गरम एक्स्ट्रूजन (साच्याच्या छिद्रातून दाबून बाहेर काढणं) जरूर करा. ॲल्युमिनियमवरची ऑक्साइडची साल नुसत्या दाबाने फुटत नाही, तिला घसट लागते.

भुकटी४०: ग्लास अस्फटिकच राहिलाय हे एक्सआरडीवरून (क्ष-किरण विवर्तन) कळेल ना? आणि झिर्कोनियमचा ग्लास वापरला तर?

काचतापी: एक्सआरडी इथे फसवते. तांब्याच्या नळीच्या क्ष-किरणांत लोहाच्या ग्लासचा पसरट उंचवटा ४४-४५ अंशांना येतो, आणि ॲल्युमिनियमच्या (२००) या स्फटिकप्रतलाचं शिखर नेमकं ४४.७ला. शिवाय लोहाच्या प्रतिदीप्तीने (लोह स्वतःच क्ष-किरण सोडतं) पार्श्वभूमी वर चढते. कोबाल्टची नळी असेल तर तीच वापरा. त्याहून खात्रीचं म्हणजे १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ॲल्युमिनियम विरघळवून उरलेली पावडर तपासणं. हायड्रोजन निघतो, फ्यूम हूडमध्येच करा, थोडं थोडं टाका.

झिर्कोनियमच्या बऱ्याच ग्लासांचं काचसंक्रमण (ग्लास मऊ होऊ लागण्याचं तापमान) ४०० अंशांच्या आसपास असतं. त्या तापमानाच्या वर, पण स्फटिकीकरणाच्या खाली दाबलं की ग्लास मऊ होऊन पोकळ्यांत शिरतो. त्याचा खरा फायदा हाच. ही तापमानाची खिडकी मात्र अरुंद असते, प्रत्येक मिश्रधातूची वेगळी मोजावी लागते.

साचेकार: मिलिंगमध्ये स्टिअरिक ॲसिड १ टक्का घाला, नाहीतर ॲल्युमिनियम गोळ्यांना थापलं जातं. १५ मिनिटं चालू, १५ बंद. दाबण्याआधी निर्वातात ३५०-४०० अंशांना तासभर ठेवून ते ॲसिड काढून टाका. राहिलं तर फुगवटे येतात. आर्गॉनमध्ये दळलेलं भांडं थेट हवेत उघडू नका, ताजा पृष्ठभाग पेट घेऊ शकतो. ग्लव्ह बॉक्समध्ये उघडा, हवा हळूहळू आत सोडा. आग लागलीच तर कोरडी वाळू, पाणी अजिबात नाही.