क्यू आणि झेड असलेले इंग्रजी शब्द शोधायचे तरी कसे?

धरमपेठकर:
नमस्कार मंडळी. मे महिन्यात नागपुरात दुपारी घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नसल्यामुळे आमच्याकडे कूलरसमोर बसून स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या चौकोनी टाइल्स पटावर जुळवून इंग्रजी शब्द लावण्याचा खेळ, खेळण्याचा परिपाठ पडला आहे. खेळणारे चौघे: मी, आमचे हे, आठवीतील मुलगी आणि सुट्टीसाठी पुण्याहून आलेला भाचा. अडचण अशी की क्यू हाती आला की यूची वाट पाहत बसावे लागते, आणि डाव संपेपर्यंत तो तसाच राहिला तर त्याचे 10 गुण आपल्याच खात्यातून वजा होतात. घरातील शब्दकोश पहिल्या अक्षरानुसार लावलेला असल्यामुळे झेड मधोमध असलेला शब्द त्यात शोधायचा म्हणजे अख्खा कोश चाळणे आले. भाचा मात्र मोबाइलवर हातातील अक्षरे टाकून तयार शब्द काढतो, जे मला मुळीच पटत नाही. असे शब्द शोधण्याची रीतसर पद्धत कोणती, आणि वाद झाल्यास कोणता कोश प्रमाण मानावा?

निवृत्त इंग्रजी शिक्षिका:
ताई, यूची वाट पाहू नका. पेटीतील 100 टाइल्समध्ये यू फक्त 4 असतात, आणि ते तुमच्याच वाट्याला येतील याचा काही नेम नाही. त्याऐवजी यूविना चालणारे क्यूचे शब्द पाठ करावेत. त्यांतला सर्वांत उपयोगी शब्द दोनच अक्षरांचा आहे, क्यू-आय, म्हणजे चिनी विचारातील प्राणशक्ती. बाकीचे बरेचसे शब्द अरबी-फारसीतून इंग्रजीत गेलेले असल्यामुळे आपल्या कानांना ते परके वाटणार नाहीत. फकीर एफ-ए-क्यू-आय-आर असा लिहिता येतो, तर तलाक आणि नकाब या दोन्ही शब्दांत कच्या जागी क्यूच येतो. ताजबागच्या उरुसात ऐकू येणारी कव्वालीसुद्धा कॉलिन्स या कोशवाल्यांच्या स्क्रॅबलसाठीच्या शब्दयादीत आहे, पण तिला डब्ल्यू दोन लागतात आणि पेटीत ते दोनच असतात, तेव्हा ती जुळणे हा नशिबाचाच भाग समजावा. झेडसाठी झरी, म्हणजे आपली साडीवरची जर, आणि झेड-आय-एल-ए म्हणजे आपला जिल्हा, हे दोन्ही शब्द त्याच यादीत आहेत. मुलीला एकदम शेकडो शब्द देऊ नका. आधी दोन अक्षरांचे शब्द पक्के करून घ्या, कारण आधीच्या शब्दाला समांतर शब्द लावताना एकमेकांना चिकटलेल्या अक्षरांचेही शब्द व्हावे लागतात, आणि तेव्हा खरी गरज त्यांचीच पडते.

संगणकवाला:
कोश चाळण्याचे काम एक्सेलवर सोपवावे. एनेबल नावाची इंग्रजी शब्दांची यादी सर्वांसाठी खुली असून तीत सुमारे 1,72,000 शब्द आहेत; एक्सेलच्या एका पानावर 10 लाखांहून अधिक ओळी मावत असल्यामुळे ती एकाच रकान्यात आरामात बसते. त्या रकान्याला फिल्टर लावून अटींमध्ये प्रश्नचिन्ह दिले की त्याचा अर्थ कोणतेही एक अक्षर असा होतो आणि तारांकन दिले की कितीही अक्षरे असा होतो. म्हणजे तिसरे अक्षर झेड असलेले पाच अक्षरी शब्द हवे असतील, तर दोन प्रश्नचिन्हे, मग झेड, मग पुन्हा दोन प्रश्नचिन्हे अशी अट द्यावी. डझन, रेझर, पिझ्झा हे शब्द त्यात लगेच दिसतील. यूविना चालणारे क्यूचे शब्द काढताना मात्र एक बारकावा ध्यानात ठेवावा. "क्यू आहे आणि यू नाही" अशी अट दिली, तर बुरख्याचा बी-यू-आर-क्यू-ए हा शब्द यादीतून गळतो, कारण त्यात यू आहे, फक्त तो क्यूच्या आधी येतो. म्हणून "क्यू आहे, पण क्यू-यू ही जोडी नाही" अशी अट द्यावी. साध्या फिल्टरमध्ये एका रकान्यावर अशा दोनच अटी बसतात. तिसरी हवी असल्यास शेजारच्या रकान्यात सूत्र लिहावे लागते.

शब्दकोडेकार:
भाच्याला अगदीच दोष देऊ नका, पण डाव चालू असताना मोबाइल बाजूला ठेवायला लावा. अक्षरे टाकली की शब्द काढून देणाऱ्या संकेतस्थळांची युक्ती साधी आहे: ती प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावून ठेवतात, म्हणजे ज्या शब्दांची अक्षरे तीच आहेत ते सगळे आपोआप एका ठिकाणी येतात. हे काम हातानेही करता येते, आणि माझ्या मते त्यातच खरी गंमत आहे. ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात अक्षरे रॅकवर, म्हणजे आपल्या टाइल्स ठेवण्याच्या पट्टीवर, आली, तर त्यांतून रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टिअर, स्टेनर असे कितीतरी शब्द निघतात, आणि सातही टाइल्स एकदम लावल्या की 50 गुण जास्तीचे मिळतात. अशी चार-दोन जुळणी डोक्यात असणारा खेळाडू क्यूची चिंता करत बसत नाही.

प्रमाण कोशाविषयी सांगायचे, तर भारतातील स्पर्धांत कॉलिन्सची यादी चालते. तिच्या 2019 च्या आवृत्तीत सुमारे 2,80,000 शब्द आहेत. अमेरिकेतील यादी वेगळी आहे. तिबेटी बैलासाठीचा झेड-ओ हा शब्द कॉलिन्सला मान्य आहे, अमेरिकन यादीला नाही. म्हणून पहिली टाइल ठेवण्यापूर्वीच कोणती यादी मानायची ते ठरवून घ्यावे, आणि हरकत घेतल्यावर शब्द त्या यादीत नसेल तर टाइल्स परत घेऊन पाळी सोडावी लागेल, हेही सर्वांना आधीच सांगून ठेवावे.

धरमपेठकर:
सर्वांचे मनापासून आभार. कॉलिन्स ठरले. आता एकच शंका उरली आहे: व्हीचा दोन अक्षरी शब्द कोणता? मुलगी सकाळपासून शोधते आहे.

निवृत्त इंग्रजी शिक्षिका:
तिला थांबवा, ताई. व्ही असलेला दोन अक्षरी शब्द दोन्हींपैकी एकाही यादीत नाही. त्यामुळे व्हीच्या शेजारी समांतर शब्द लावता येत नाही, आणि पुढच्या खेळाडूची वाट अडवायची असेल तर तो मोक्याच्या जागी मुद्दाम टाकतात. सीचाही असा एकच शब्द आहे, सी-एच, आणि तोही केवळ कॉलिन्समध्ये.