३८७ अश्वशक्ती आणि बाबांचे गुडघे : जुनी एम३४०आय घ्यावी का?

खंबाटकी_चढ :
मंडळी, नऊ वर्षं एकच डिझेल सेडान चालवतोय, १ लाख ४० हजार किमी झाले. आता ओळखीतून २०२१ची बीएमडब्ल्यू एम३४०आय मिळतेय, ३१ हजार चाललेली. तेव्हापासून झोप नाही.

वापर : रोज बाणेर ते मगरपट्टा, महिन्यातून एकदा कोल्हापूर. घरात आम्ही दोघं, सहावीतली मुलगी आणि आई-बाबा. बाबांचा एक गुडघा बदललाय, दुसरा ‘अजून चालतोय’. बायको म्हणते, बाणेरच्या सिग्नलला ३८७ अश्वशक्ती काय लोणच्यात घालणार? उत्तर सुचलं नाही, म्हणून इथे आलो.

शून्यावरून ४.४ सेकंदांत शंभरचा वेग हे पाठ आहे, ते नका सांगू. रोज वापरणाऱ्यांनी बोला.

सरळ_सहा :
तीन वर्षं हीच गाडी आहे, तीही पुण्यातच. सविस्तर लिहितो.

इंजिनाबद्दल बोलायला लागलो तर थांबणार नाही. तीन लिटर, सहा सिलिंडर एका रांगेत. पुढचे तीन आणि मागचे तीन पिस्टन एकमेकांचे आरसे, त्यामुळे हादरे आतल्या आतच जिरतात. सिग्नलला गाडी चालू आहे की बंद, हे मी काट्याकडे बघून ठरवतो. आणि ५०० न्यूटन-मीटरचा जोर १,९०० आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाचे फेरे) आसपासच हजर असतो, म्हणजे इंजिन पिळावं लागत नाही.

ही ताकद लागते कुठे? एक्सप्रेसवेवर नाही. तिथे सपाटीला १००, घाटात ६०, वर कॅमेरे. शंभराला पोचलात की संपला खेळ. लागते तुमच्याच खंबाटकी घाटात, कोल्हापूरच्या वाटेवर. पुढे दोन ट्रक शेजारी शेजारी रांगतायत, त्यातला एक कसाबसा बाजूला होतो आणि तेवढ्याच फटीतून निघायचं असतं. चाळीसवरून सत्तर, पायाचा अंगठा दाबला की झालं. तो एक क्षण. मग परत पुढचा ट्रक.

आता रडगाणं. पाच माणसं आणि डिकीत गूळ-तांदूळ असेल तर ब्रेकर तिरका घ्यायचा, एकेक चाक. तरी गाडीच्या पोटाला खर्रर्र होतंच. आमची आई तर गावच्या ब्रेकरला स्वतःच विचारते, “उतरू का रे?” पहिल्यांदा हसलो होतो. आता गाडी थांबवतो.

मागच्या सीटच्या मध्ये बोगद्यासारखा उंचवटा आहे, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा त्याखालून जातो. मुलीचे पाय दोन्हीकडे फाकून ठेवावे लागतील, आणखी दोन वर्षांनी ती भांडेल. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे, त्यामुळे अदलाबदल करून आयुष्य वाढवायची सोय नाही. मागचे आधी गुळगुळीत होतात. कराडजवळ सहापदरीकरणाच्या डायव्हर्जनमध्ये खड्ड्यात टायर कापला गेला, त्या मापाचा दुसऱ्या दिवशी पुण्याहून आला. किंमत ऐकून माझीच हवा गेली.

ॲव्हरेज शहरात ७, हायवेला पाय आवरला तर १३.

रंकाळा_कट्टा :
भावा, माझी स्कोडा सुपर्ब आहे. १९० अश्वशक्ती, डिकी ६२५ लिटर, मागे माझे वडील पाय पसरून पेपर वाचतात. खंबाटकीत ट्रक मलाही ओलांडता येतात, फक्त थोडा आधी विचार करावा लागतो. विचार करायला पैसे पडत नाहीत.

सरळ_सहा :
सुपर्बबद्दल तक्रारच नाही. पण ती चालवून आल्यावर मी कधी पार्किंगमध्ये मागे वळून बघितलं नव्हतं. माझ्याकडे आधी तीच होती.

एक हिशेब मात्र जुन्या गाडीच्या बाजूचा : वीस लाखांवरच्या नव्या पेट्रोल गाडीला आपल्याकडे १३ टक्के आरटीओ टॅक्स आहे. जुनीत तो पहिल्या मालकाने भरलेला असतो. त्याबद्दल मनातल्या मनात त्याचे आभार मानायचे.

खंबाटकी_चढ :
काल बाबांना घेऊन चालवून बघितली. मालकांनी कात्रज बायपासला दाबून दाखवली. मी सीटमध्ये चिकटलो, तोंडातून शब्द फुटेना. बाबा मागे बसले होते, त्यांनी फक्त खिशातला चष्मा पडला का ते चाचपलं.

बसताना जमलं : आधी बूड टेकवलं, मग पाय आत. उतरताना मात्र दाराच्या चौकटीला धरून दोनदा झोका घेतला, तिसऱ्यांदा मी हात दिला. घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. चहा पिताना म्हणाले, “गाडी चांगली आहे. तू घे. मी कोल्हापूरला शिवशाहीने येत जाईन, तिला धरायला दांडी असते.”

टोकन अजून दिलेलं नाही. रंकाळा_कट्टा, रविवारी बाबांना तुमच्या मागच्या सीटवर पाच मिनिटं बसवून बघू का? आणि सरळ_सहा, तुमच्या मागच्या सीटची जमिनीपासूनची उंची मोजून सांगा. टेपने, अंदाजे नको. आमच्या जेवणाच्या खुर्चीशी ताडून बघायचीय.