मदत हवी आहे: दुसऱ्या क्रमांकाचा संघ विजेता कसा, हे दहा वर्षांच्या मुलीला कसं समजावू?

नमस्कार मंडळी,

प्रश्न फुटबॉलचा आहे, पण त्यात दोन मुलांची मैत्री अडकली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई आणि आम्ही ठाण्यात एकाच इमारतीत राहतो. भाची दहा वर्षांची, शाळेच्या संघात खेळते आणि मुंबई सिटीची कट्टर चाहती आहे. तिचा सर्वात जवळचा मित्र तिसऱ्या मजल्यावर राहतो. घर बंगाली, आजोबांपासून सगळे मोहन बागानचे. ४ मे २०२४ ला कोलकात्यात इंडियन सुपर लीगची अंतिम लढत झाली आणि मुंबईने मोहन बागानला ३-१ ने हरवलं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. तो म्हणतो, "साखळीत पहिला नंबर आमचा आला, ढाल आमच्याकडे आहे, तुम्ही दुसरे." ती म्हणते, "फायनल आम्ही जिंकली, चषक आमच्याकडे आहे, चॅम्पियन आम्ही." माझ्या मते दोघंही खरं बोलताहेत, आणि तेच मला नीट समजावता येत नाहीये.

सुट्टी असल्यामुळे तिने मोठ्या कार्डशीटवर त्या मोसमाचा तक्ता काढायला घेतला आहे. दोन्ही संघ अंतिम लढतीपर्यंत कसे पोहोचले, ते बाण काढून दाखवायचं. तक्ता भरता भरता तिने मला एकेक प्रश्न विचारला आणि मी अडकत गेलो.

साखळी फेरीचं गणित तिला कळलं. १२ संघ, प्रत्येकाचे २२ सामने. मोहन बागान ४८ गुण, मुंबई ४७, गोवा ४५, ओडिशा ३९, केरळ ३३, चेन्नईयन २७. पहिले सहा पुढे. त्यातले पहिले दोन थेट उपांत्य फेरीत, तिसऱ्याचा सामना सहाव्याशी, चौथ्याचा पाचव्याशी. त्या एका गुणाचं दुःख मात्र तिच्या मनातून जात नाही. १५ एप्रिलला कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर साखळीतला शेवटचा सामना याच दोघांत होता आणि मुंबईला फक्त बरोबरी पुरेशी होती. मोहन बागानने तो २-१ ने जिंकला. पहिला गोल लिस्टन कोलासोचा, म्हणजे आपल्या गोव्याच्या पोराचा. ऐंशीव्या मिनिटाला कमिंग्जने दुसरा मारला, मुंबईच्या छांगटेने शेवटी एक फेडला, पण ढाल गेली. ती त्या रात्री जेवली नाही.

पुढची पायरी ओडिशाची. ओडिशाने केरळला भुवनेश्वरमध्ये जादा वेळेत २-१ ने हरवलं, मग उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात मोहन बागानलाही २-१ ने हरवलं. परतीचा सामना मोहन बागानने कोलकात्यात २-० ने घेतला. भाचीचा प्रश्न: "मामा, दोघं एकेक सामना जिंकले, मग एकच पुढे कसा?" दोन्ही सामन्यांतले गोल एकत्र मोजतात, मोहन बागान तीन आणि ओडिशा दोन, इतपत मी सांगितलं. "मग फायनल पण दोनदा का नाही?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि मग २४ एप्रिल, दुसऱ्या उपांत्य लढतीचा पहिला सामना, गोवा संघाच्या फातोर्डा मैदानावर. तक्त्यावर या चौकोनाला तिने सर्वात जास्त जागा ठेवली आहे. गोवा संघ तिथे चेन्नईयनला २-१ ने हरवून आला होता आणि मुंबईविरुद्ध बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस यांच्या गोलांनी २-० ने पुढे होता. नव्वदावं मिनिट लागत आलं होतं. भाची सोफ्यावर उशीत तोंड घालून बसली होती. मीच तिला म्हटलं, "जा बाळा, झोप आता, सोमवारी आपल्याकडे परतीचा सामना आहे." ती आत गेली आणि छांगटेचा गोल झाला. मी हाक मारेपर्यंत विक्रम प्रताप सिंगने दुसरा मारला. ती धावत बाहेर आली, दारातच उभी राहिली, आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटे. ०-२ चे ३-२. ती रडत होती की हसत होती ते मला आजही सांगता येणार नाही. पहिला गोल तिने पाहिला नाही, आणि तो माझ्यामुळे पाहिला नाही, हे मला लागून राहिलं आहे.

परतीचा सामना अंधेरीत पेरेरा दियाझ आणि छांगटे यांच्या गोलांनी २-० असा जिंकला. तो आम्ही मैदानात जाऊन पाहिला.

मला हवी असलेली मदत अशी. ढाल आणि चषक यांतला फरक दहा वर्षांच्या मुलांना पटेल अशा शब्दांत कुणी सांगेल का? दुसऱ्या क्रमांकाच्या संघाने चषक नेणं न्याय्य आहे का, हे मला स्वतःलाही समजून घ्यायचं आहे. मोहन बागानच्या त्या छोट्या चाहत्याला त्याच्या संघाने काही गमावलं नाही, हे त्याचा मान राखून कसं सांगू? आणि त्या संध्याकाळी फातोर्ड्यात कुणी होतं का? असाल तर ती सहा मिनिटं कशी होती ते लिहा. तक्त्याच्या त्या चौकोनात मी ते तिला लिहून देणार आहे.

प्रतिसाद, कोल्हापूरहून

दादा, आमच्याकडे हा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण शाहू स्टेडियमवर आम्ही लहानपणापासून दोन्ही बघत आलोय. आधी केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) लीग, मग नॉकआऊट स्पर्धा. पाटाकडील असो, शिवाजी असो की दिलबहार, लीग जिंकलेलं मंडळ नॉकआऊटला कुणाकडूनही पडू शकतं. पडलं म्हणून त्याची लीग कोण काढून घेत नाही. आणि नॉकआऊट मारली म्हणून लीग मारली असंही कोण म्हणत नाही. पेठेत दोन्ही मिरवणुका निघतात.

सुपर लीगमध्ये गोंधळ एवढ्यासाठीच होतो, की तिथे एकाच मोसमाला दोन्ही स्पर्धा जोडून ठेवल्यात. ढाल म्हणजे २२ सामन्यांचा हिशोब: पावसात, उन्हात, दुखापतींत, घरी आणि बाहेर, सगळं धरून. चषक म्हणजे त्यानंतरची वेगळी स्पर्धा. पोरीला एवढंच सांगा, की ४८ गुणांनी मोहन बागानला ढाल मिळाली आणि बाद फेरीत सगळे पुन्हा शून्यावर आले.

न्याय्य आहे का म्हणाल, तर पहिल्या दोघांना काहीच मिळत नाही असं नाही. एक अख्खी फेरी वाचते आणि उपांत्य फेरीतला परतीचा सामना घरच्या मैदानावर मिळतो. केरळला परक्या मैदानात १२० मिनिटं खेळून घरी जावं लागलं. गोवा २० तारखेला चेन्नईयनशी खेळला आणि २४ ला परत मैदानात. मुंबई १५ पासून मोकळी होती. हा मोठा फायदा आहे, आणि तो साखळीतल्या गुणांनीच कमावलेला आहे.

फायनल एकच का, ते मी आमच्या पोरांना असं सांगतो: दोन सामने असले की पहिल्यात संघ राखून खेळतो, परतीला बघू म्हणतो. फायनलला बघू म्हणायला उद्या नसतो.

प्रतिसाद, मडगावहून

मी होतो. पूर्वेकडच्या स्टँडमध्ये, मुलगा आणि त्याचे दोन मित्र बरोबर. तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, नाहीतर तो सामना आम्ही घरात काढत नाही.

ब्रँडनचा गोल झाला तेव्हा मैदान नुसतं नाचत होतं. तो मडगावचाच, त्यामुळे आमच्यासाठी त्याची गोष्ट वेगळीच. शेवटच्या दहा मिनिटांत शेजारचे लोक कोलकात्याला ट्रेनने जायचं की विमानाने, हे बोलायला लागले होते. छांगटेचा पहिला गोल झाला तेव्हा आवाज कमी झाला, पण कुणी घाबरलं नव्हतं. २-१ सुद्धा चांगलंच होतं. दुसरा गोल त्यानंतर इतक्या लगेच आला, की माझ्या मुलाला वाटलं पहिलाच मोठ्या पडद्यावर परत दाखवताहेत. तो टाळ्या वाजवणाऱ्या मुंबईच्या चारपाच लोकांकडे बघत राहिला. तिसऱ्या गोलानंतर मला आठवते ती शांतता. एवढ्या माणसांत खुर्च्या मिटल्याचे आवाज ऐकू येत होते.

तुमच्या भाचीला सांगा, पहिला गोल ती चुकली तरी काही बिघडलं नाही. मैदानातल्या निम्म्या लोकांनीही तो नीट पाहिला नाही, ते घड्याळाकडे बघत होते.

आणि ढालीबद्दल आम्हा गोंयकारांना विचारा. २०१९-२० ला ढाल पहिल्यांदा ठेवली आणि ती पहिली ढाल एफसी गोवाने जिंकली. त्याच जोरावर २०२१ मध्ये आमचा क्लब आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळला. तिथवर पोहोचलेला पहिला भारतीय क्लब. त्या गटाचे सामने इथेच फातोर्ड्यात झाले आणि कतारच्या अल रय्यानला आम्ही दोन्ही वेळा बरोबरीत रोखलं. चषक मात्र आजवर आमच्याकडे आलेला नाही. २०१५ ची फायनल याच मैदानावर चेन्नईयनकडून हरलो. २०१९ ची अंधेरीत, बंगळुरूकडून, जादा वेळ संपत आला असताना हेडरने झालेल्या एका गोलाने. तो गोल मुंबईच्या राहुल भेकेचा. ४ मे ला कोलकात्यात मुंबईचा कर्णधार म्हणून चषक उचलला, तोच. त्यामुळे ढाल लहान असं तुमच्या भाचीने मित्राला म्हटलं असेल, तर ते मागे घ्यायला सांगा. या मोसमातही आशियाचं तिकीट चषकावर नाही, ढालीवर मिळालं. २०२४-२५ च्या आशियाई चॅम्पियन्स लीग टूमध्ये जागा मिळाली ती मोहन बागानला.

प्रतिसाद, कोलकात्याहून

मी मूळची पुण्याची, लग्नानंतर इकडे बारा वर्षं झाली. १५ एप्रिल आणि ४ मे, दोन्ही दिवशी सासऱ्यांबरोबर सॉल्ट लेकला होते. दोन्ही वेळा साठ हजारांच्या घरात माणसं.

त्या मुलाची बाजू मांडते. ही मोहन बागानची पहिलीच ढाल होती. १५ तारखेला रात्री आमच्या गल्लीत मिठाई वाटली, सासरे लहान मुलासारखे रडले. फायनलला मध्यंतराच्या जरा आधी कमिंग्जने गोल केला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता दोन्ही आपलेच. मग पेरेरा दियाझने बरोबरी केली, ८१ व्या मिनिटाला बिपिन सिंगने आघाडी घेतली आणि अगदी शेवटी वोयटुसने तिसरा मारला. बिपिनचं नाव इथे लोक विसरत नाहीत. २०२१ ची फायनलही नव्वदाव्या मिनिटाला त्यानेच आमच्याकडून हिरावून नेली होती. घरी येताना सासरे एवढंच म्हणाले, "ढाल तर घरी आहे."

तुमच्या भाचीला गेल्या वर्षीची आठवण द्या. २०२२-२३ मध्ये अगदी उलटं झालं होतं. ढाल मुंबईने जिंकली, उपांत्य फेरीत बंगळुरूकडून पेनल्टींवर ९-८ ने बाहेर पडली, आणि चषक नेला मोहन बागानने, तोही पेनल्टींवर. तेव्हा ती कुणाला चॅम्पियन म्हणत होती, हे तिला शांतपणे विचारा. रागावून नको.

आणि एक सुचवू का? तो तक्ता तिला एकटीला पूर्ण करू देऊ नका. मोहन बागानची बाजू त्या मुलाला भरू द्या.

धागाकर्ता

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी तिच्याशी बोललो.

कोल्हापूरच्या दादांचं "सगळे पुन्हा शून्यावर आले" हे वाक्य तिला लगेच कळलं. तिने तक्त्यावर साखळी आणि बाद फेरी यांच्यामध्ये जाड लाल रेघ मारली आणि रेघेवर सहा शून्यं काढली. गेल्या वर्षीचा प्रश्न विचारला तेव्हा बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तेव्हा मी ढाल मोठी म्हणत होते." तिने ते आपणहून सांगितलं, मला फार बरं वाटलं.

मडगावच्या दादा, तुमचा खुर्च्यांचा आवाज मी फातोर्ड्याच्या चौकोनात जसाच्या तसा लिहिला आहे. वाचल्यावर तिने विचारलं, तुमचा मुलगा केवढा आहे. त्याच्यासाठी तिने त्या चौकोनात नारिंगी रंगाने ब्रँडनचं नाव मोठं केलं आहे.

आज सकाळी ती गुंडाळी घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली. मी जिन्यातच थांबलो. दार आजोबांनी उघडलं. अर्ध्या तासाने दोघं खाली आली. त्याने मोहन बागानची बाजू हिरव्या आणि मरून पेनने भरली होती आणि तिच्या बाजूची एक चूकही काढली होती: लिस्टनचा गोल २८ व्या मिनिटाचा, तिने ३८ लिहिलं होतं. तिने खोडून नीट केलं.

आता दोघांना २०२०-२१ चा तक्ता करायचा आहे. तेव्हा सगळे सामने गोव्यात, रिकाम्या मैदानांत झाले. ढाल आणि चषक दोन्ही मुंबईने नेले, आणि दोन्ही वेळा समोर मोहन बागानच. उपांत्य फेरीत मुंबई आणि गोवा २-२ आणि ०-० असे अडकले आणि पेनल्टींवर ६-५ झालं, इथपर्यंत माझ्याकडे आहे. तेव्हा बाद फेरीत चारच संघ असायचे, त्यामुळे हा तक्ता लहान होईल. त्या पेनल्टी कुणी कोणत्या क्रमाने घेतल्या, हे कुणी लिहून ठेवलं असेल तर कृपया इथे द्या. पोरं वाट बघताहेत.