नव्या प्रजातीची एवढी पोटदुखी कशाला?

खडकवाला
काल ग्रुपवर एक पोस्ट फिरली: 'कच्छच्या ब्रॅकिओपॉडची म्हणे नवी प्रजाती! जुन्याच शिंपल्याला नवी पाटी, आणि पगार सरकारी.' रात्री झोप लागली नाही, म्हणून हा धागा.

एक तर तो शिंपला नाही. ब्रॅकिओपॉड म्हणजे दोन झडपांचा वेगळाच समुद्री प्राणी, इथे त्याचा जीवाश्म. शिंपल्याच्या झडपा डावी-उजवी. ब्रॅकिओपॉडच्या वरची-खालची, त्याही आकाराने वेगळ्या, पण प्रत्येक झडप मधोमध दुमडली तर दोन्ही बाजू जुळतात. आणि टेरेब्रॅट्युलिड (ब्रॅकिओपॉडचाच एक गट) बाहेरून बघून ओळखायला जाल तर फसाल. दूरच्या घराण्यांतले दोघे जुळे भाऊ दिसतात. फरक आत असतो: बिजागरीचे दात, लोफोफोर (अन्न गाळणारा अवयव) तोलणारा चुन्याचा नाजूक लूप. तो बघायला नमुना चोचीकडून (झडपेच्या टोकाकडून) ०.१ मिलिमीटर घासा, सौम्य आम्ल लावा, ॲसिटोन ओतून प्लास्टिकची फिल्म चिकटवा, वाळली की सोला; आतल्या आकाराचा ठसा तिच्यावर येतो. मग पुन्हा घासा. मी दोन उन्हाळे हेच केलंय. मेसच्या वरणालाही ॲसिटोनचा वास यायचा.

सदाशिवपेठी
म्हणजे आख्खा नमुना घासून संपवायचा आणि मग सांगायचं, आत असं असं होतं! सीटी स्कॅन कशाला शोधलाय?

खडकवाला
काका, झडप कॅल्साइटची आणि पोटात भरलेला चिखलही बहुतेकदा चुन्याचाच. एक्स-रेला दोन्ही सारखेच. आणि शहाणा माणूस होलोटाइप, म्हणजे ज्यावर नाव ठेवलं तो मूळ नमुना, घासत नाही, त्याच थरातले दुसरे घासतो.

भाषाभगिनी
'नवी प्रजाती' म्हणजे जीनस की स्पीशीज? मराठीत प्रजाती म्हणजे जीनस, स्पीशीज म्हणजे जाती. विश्वकोश उघडून बघा. हिंदीतून आलेली 'प्रजाती' पेपरवाल्यांनी सगळीकडे चिकटवली.

रात्रपाळी
ताई, 'कच्छमध्ये नवी जाती सापडली' असा मथळा देऊन दाखवा. सकाळी ऑफिसच्या दारात मोर्चा.

भाषाभगिनी
म्हणून चुकीचं छापायचं? बिबट्याची प्रजाती, आंब्याची प्रजाती, उद्या पोह्यांची प्रजाती!

रात्रपाळी
रात्री एक वाजता पान सोडायचं असतं हो. तुम्ही या एकदा.

सदाशिवपेठी
धागा दगडांचा होता ना?

खडकवाला
इथे ताईंचंच बरोबर आहे. नवी जाती जुन्या घरात राहायला येते. नवी प्रजाती म्हणजे घरच नवं, आणि त्याला टाइप जाती, म्हणजे नाव जिच्याशी बांधलेलं असतं ती जाती, नेमावी लागते. १९३० नंतर ती न नेमता छापलेलं प्रजातीचं नाव प्राण्यांच्या नामकरणाच्या संहितेनुसार धरलंच जात नाही. नुसती पाटी लावून भागत नाही.

भुजची_बस
नियम आम्हालाही माहीत आहेत. किचिन या अभ्यासकाने १९०० मध्ये ऱ्हिंकोनेला कच्छेन्सिस ही ब्रॅकिओपॉडची जाती लिहिली, बकमन या दुसऱ्याने तिच्यावर कच्छिऱ्हिंकिया ही नवी प्रजाती उभी केली. तिचं साल १९१७ धरायचं की १९१८, यावर अजून एकमत नाही. हाच बकमन अमोनाइटांच्या (गुंडाळ्या शंखांच्या जीवाश्मांच्या) नावांचाही पाऊस पाडून गेला.

खडकवाला
कच्छिऱ्हिंकिया अजून वापरात आहे, तेवढंही सांगा.

भुजची_बस
आहे. शंभर बाण मारले की एखादा लागतोच.

माझं दुखणं वेगळं आहे. पुण्यात पाय ठेवाल तिथे बेसाल्ट, लाव्हाचा दगड, त्यात असले जीवाश्म कुठले, म्हणून आम्ही कच्छ गाठायचो. पोत्यातून दगड आणले, प्रत्येकाला थराची चिठ्ठी. कॉलेज नव्या इमारतीत गेलं तेव्हा शिपायाने ट्रे 'साफ' केले. चिठ्ठ्या एका खोक्यात, दगड दुसऱ्यात. कॉलेजचं नाव घेत नाही, पेन्शन तिथूनच येते. आता त्यातून कुणी नवी प्रजाती काढली तरी थर कुठला सांगणार? नावं नंतर ठेवा, आधी कपाटं घ्या.

सदाशिवपेठी
अहो, हेच तर मी म्हणत होतो!

खडकवाला
तुम्ही 'पगार सरकारी' म्हणत होतात. पोस्ट तुमचीच ना?

सदाशिवपेठी
फॉरवर्ड होती. शेवटची ओळ फक्त माझी. बरं, शिंपला नाही, मान्य. घाला हार. मग त्याला मराठीत म्हणायचं काय?

भाषाभगिनी
थांबा, कुकर बंद करून आले.