कोंबडीखाद्याला बुरशी लागली आहे, भाजून घातलं तर चालेल का?

मंडळी, गुहागर तालुक्यात घरामागे ६० कोंबड्या आहेत. बहुतेक गिरिराज, थोड्या गावठी. खाद्य चिपळूणहून येतं. दर वेळी टेम्पोचं भाडं नको म्हणून मे अखेरीस आगोटीच्या सामानाबरोबर लेयर मॅशच्या ५० किलोच्या सहा गोणी भरून टाकल्या. मीठ-मिरची भरतो तशा. तिथेच चुकलं बहुतेक.

तीन गोणी ठीक गेल्या. चौथी आषाढात उघडली तर तळाला ढेकळं, हिरवट भुकटी आणि कुबट वास. गोणी पडवीत चिऱ्याच्या भिंतीला टेकवलेल्या, खाली नुसतं गोणपाट. वारा असला की पागोळ्यांचं पाणी आत येतं ते वेगळंच. अंडी रोजच्या २५-२६ वरून १४ वर आली आहेत. खाद्यामुळे की पावसाळी हवेमुळे, कळत नाही.

आई म्हणते, ढेकळं काढ नि बाकीचं कढईत भाजून घाल, नाहीतर म्हशीला दे. पैसे गेलेत, त्यामुळे मलाही तेच पटतंय. चालेल का? आणि उरलेल्या दोन गोणी कशा वाचवू?

खाडीपल्याड:
भाजू नका. बुरशी मरेल, पण तिने सोडलेलं अफ्लाटॉक्सिन कढईच्या आचेने जात नाही. ढेकळं वेचूनही उपयोग नाही, विष दिसत नाही. म्हशीला तर अजिबात नको, दुधात उतरतं. १९६० साली इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी मेले ते बुरशीच्या शेंगदाणा पेंडीने, त्यातूनच हे विष सापडलं. आपल्या मॅशमध्ये मका आणि पेंड दोन्ही असतात. नाकाला फडकं बांधून ती गोणी खोल खड्ड्यात पुरा, कुत्रं उकरणार नाही अशी.

कोंडा_आणि_कोंबडा:
हिशेब करा. पक्ष्याला दिवसाला साधारण ११० ग्रॅम धरलं तर गोण साडेसात दिवसांत संपते. म्हणजे पावसात दोन गोणींहून जास्त घरात ठेवायच्याच नाहीत. आम्ही वाडीतली तीन घरं मिळून एक टेम्पो करतो, भाडं वाटून घेतो.

गोणी फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून हातभर लांब. चिरा पाणी शोषतो, टेकवलेली बाजू आधी जाते. घट्ट झाकणाचा ड्रम उत्तम, पण ओलसर खाद्य त्यात कोंडलंत तर आणखी लवकर बुरशी. ओलावा १३-१४ टक्क्यांवर गेला की संपलं. आणि जुन्यावर नवं ओतू नका. मी दोन वर्षं ओतत होतो, तळाची बुरशी प्रत्येक नव्या गोणीला लागायची. ड्रम पूर्ण रिकामा करून, पुसून, वाळवून मगच भरा.

दुकानदाराला गोणीवरची तारीख विचारा, आणि खाद्यात कॅल्शियम प्रोपिओनेट आहे का तेही. ते बुरशी रोखतं, झालेलं विष काढत नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
दुधाचं ऐकल्यावर आई गप्प झाली. चौथी पुरली. पाचवी आज उघडली, कोरडी आहे, वासही नाही, ड्रममध्ये भरली. सहावीची भिंतीकडची बाजू हाताला गार आणि घट्ट लागतेय. शिवण उसवायचा धीर होत नाहीये, पण संध्याकाळी उसवतो. फळ्या मात्र आत्ताच मारल्या, जुन्या खाटेच्या.