मदत हवी आहे : भावाचा गांजा नुसती सवय की व्यसन? (बार्देश, गोवा)

आबोली
धाकटा भाऊ, वय २४, सीझनमध्ये कांदोळीला शॅकवर (किनाऱ्यावरचं हंगामी हॉटेल) कामाला. आधी रात्री एक जॉइंट असायचा, आता दिवसाला चार-पाच. पहिला सकाळच्या चहाआधी. ‘सीझन संपला की सोडतो’ म्हणाला होता. जूनमध्ये तीन दिवस बंद ठेवला. झोप नाही, जेवण नाही, घामाने उशी ओली, आईवर खेकसणं. चौथ्या दिवशी परत सुरू. त्याचं म्हणणं, गांजाचं व्यसन लागतच नाही. लघवी तपासायची पट्टी आणू का? आणि डॉक्टरकडे नेलं तर पोलिसांत जाईल अशी आईला धास्ती आहे.

मांडवीकाठ
ताई, पट्टी आणू नका. गांजातलं टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) शरीरातल्या चरबीत साठतं आणि हळूहळू बाहेर पडतं. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत ते बंद केल्यावर महिनाभरही सापडू शकतं. म्हणजे तो मनापासून थांबलेला असेल तरी पट्टी ‘आहे’ म्हणेल आणि घरात तो खोटा ठरेल. शिवाय व्यसन आहे की नाही हे पट्टी सांगतच नाही.

डॉक्टर व्यसनाच्या मागच्या १२ महिन्यांतल्या ११ खुणा विचारतात. दोन-तीन जुळल्या तर सौम्य, चार-पाच तर मध्यम, सहा किंवा जास्त तर तीव्र. तुमच्या मजकुरातच तीन स्पष्ट आहेत: ठरवूनही न सुटणं, प्रमाण वाढत जाणं (आता पूर्वीइतक्यात भागत नाही का, हे त्याला विचारा) आणि बंद केल्यावर होणारा त्रास. बाकीचं घरच्यांनाच माहीत असतं. संध्याकाळचा फुटबॉल सुटला का? कामावर खाडे होतात का? ओढून स्कूटर चालवतो का? घरात भांडणं होऊनही थांबत नाही का? नुसता वास किंवा लाल डोळे यांवरून फार काही ठरवू नका, त्यावरून फक्त आज ओढला एवढंच कळतं.

जूनमध्ये काय घडलं ते नीट समजून घ्या. बंद केल्यावर एक ते तीन दिवसांत चिडचिड, घाम, भूक मरणं, झोप उडणं सुरू होतं आणि पहिल्या आठवड्यात ते शिगेला जातं. बहुतेक त्रास दोन आठवड्यांत ओसरतो. झोप आणि विचित्र स्वप्नं मात्र महिनाभर छळू शकतात. तो ऐन चढावर असताना परत वळला. हे त्याला आधी सांगितलं असतं तर चौथा दिवस कदाचित निभला असता.

खारेवारा
जॉइंटमध्ये सिगारेटची तंबाखू मिसळतो का? मिसळत असेल तर त्या तीन दिवसांत त्याने दोन गोष्टी एकदम तोडल्या. निकोटिनची ओढही पहिल्या दोन-तीन दिवसांतच सर्वांत जोरात असते. त्यावर निकोटिन गम चालतो. उठल्यापासून अर्ध्या तासात तंबाखू लागणाऱ्याला सहसा ४ मिग्रॅचा, नाहीतर २ मिग्रॅचा. कुठला ते डॉक्टरला विचारून ठरवा. गम सतत चघळायचा नाही. तिखट लागला की गालात दाबून ठेवायचा. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही.

एकदम जमत नसेल तर पहिला जॉइंट दोन तास पुढे ढकलायचा. ते जमलं की मग संख्या कमी करायची. झोपेसाठी दारू किंवा मित्राने दिलेली झोपेची गोळी अजिबात नको, दुसरं व्यसन तिथूनच सुरू होतं.

आबोली
तंबाखू मिसळतो. अजून एक, महिन्यातून एकदा दोन-तीन दिवस उलट्या होतात, मग तासभर गरम पाण्याखाली उभा राहतो. आम्ही पित्त समजत होतो.

मांडवीकाठ
हे डॉक्टरला पहिल्या वाक्यातच सांगा. बरीच वर्षं रोज ओढणाऱ्यांपैकी काहींना अशा उलट्यांचे झटके येतात आणि गरम पाण्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मळमळ शमावी म्हणून माणूस आणखी ओढतो आणि चक्र चालू राहतं. गांजा पूर्ण थांबवला तरच ते सुटतं. तोवर ओआरएस घोट-घोट द्या. पाणीही टिकत नसेल, लघवी कमी किंवा गडद होत असेल तर थेट गोमेकॉच्या (बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज) कॅज्युअल्टीत न्या. कानात आवाज येणं, घरच्यांवर भलता संशय किंवा जीव देण्याची भाषा, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी न्या.

एरवी बांबोळीला आयपीएचबीची (सरकारी मानसोपचार रुग्णालय) ओपीडी. गांजा सोडवायची खास मान्यताप्राप्त गोळी नाही. समुपदेशन हाच मुख्य उपचार, झोपेपुरतं औषध डॉक्टर ठरवतील. निघण्याआधी बोलायचं असेल तर टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६, नशामुक्तीसाठी १४४४६.

खारेवारा
आईंना सांगा, रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे बंधनकारक आहे. एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ६४अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असला तरी स्वतःहून सरकारी किंवा मान्य केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. जाताना एका कागदावर लिहून न्या: दिवसाला किती, पहिला किती वाजता, तंबाखू किती, उलट्यांच्या तारखा.

आबोली
उलट्यांच्या तारखा आजच लिहून काढते. सोमवारी त्याच्यासोबत मी जाते.